गिओन मात्सुरीला एका दिवसात जाऊन येताना

जपानातल्या माझ्या पहिल्याच जुलैत मी आणि माझी मैत्रीण क्योटोची गिओन मात्सुरी, म्हणजे उंच सजवलेल्या रथांच्या मिरवणुकांचा उत्सव, पाहायला निघालो, आणि नावावर विसंबून गिओन-शिजो स्टेशनावर उतरलो. तिथे एकही रथ नव्हता. रथ उभे होते कामो नदीच्या पलीकडे, पश्चिमेला किलोमीटरभर अंतरावर, शिजो-कारासुमा चौकाच्या आसपास. तिथवर गर्दीतून चालत पोचायला आम्हाला तासभर लागला. ती टोकियोहून आली होती आणि तिला त्याच रात्री परतायचं होतं, त्यामुळे जेमतेम दोन रथ पाहून आम्ही उलटं फिरलो. पुढची सगळी वर्षं मी ओसाकाहून जाते आहे, बहुतेक वेळा तिच्याबरोबरच. जपानात नवीन आलेली आपली माणसं दर उन्हाळ्यात मला तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते.

आधी उत्सवाबद्दल थोडं. इ.स. ८६९ मध्ये क्योटोत रोगराई पसरली, तेव्हा देशाच्या ६६ प्रांतांसाठी ६६ उंच भाले उभारून देवाला साकडं घातलं गेलं. या उत्सवाचं मूळ तिथे आहे. पंधराव्या शतकातल्या ओनिन युद्धात तो खंडित झाला आणि १५०० साली पुन्हा सुरू झाला. यासाका या शिंतो मंदिराचा हा उत्सव जुलैचा पूर्ण महिना चालतो. ‘गिओन’ हे नाव आलं आहे श्रावस्तीच्या जेतवनावरून, म्हणजे बुद्धांचं वास्तव्य असलेल्या त्या विहारावरून. या मंदिराचा जुना देव जेतवनाचा रक्षक मानला जाई. उत्तर प्रदेशातल्या एका विहाराचं नाव चीनमार्गे इथवर आलं आणि आज क्योटोतलं रिक्षावालं पोरही ते सहज उच्चारतं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

१. तारीख आधी पक्की करा

तारखा शनिवार-रविवार पाहून सरकत नाहीत. आपल्या सणांप्रमाणेच त्या ज्या वारी येतील त्या वारी, त्यामुळे सुट्टी आधी टाका. एका दिवसासाठी जाणाऱ्यांना हे पर्याय आहेत:

१२ आणि १३ जुलै : नुकत्याच बांधलेल्या मोठ्या रथांची चाचणी होते. दोर ओढायला कुणालाही हात लावता येतो, बायका-मुलांनाही. गर्दी बेताची.

१४ ते १६ जुलै : मिरवणुकीआधीच्या संध्याकाळी. १६ची ती ‘योइयामा’. १५ आणि १६ला संध्याकाळी सहापासून शिजो आणि कारासुमा हे हमरस्ते वाहनांना बंद होतात. खाण्याच्या गाड्याही याच दोन दिवशी लागतात.

१७ जुलै : पहिली मिरवणूक, २३ रथ. सकाळी ९ वाजता शिजो-कारासुमाहून निघते.

२४ जुलै : दुसरी मिरवणूक, ११ रथ, उलट्या मार्गाने. तिच्या आदल्या संध्याकाळी गाड्या नसतात आणि रस्तेही बंद होत नाहीत, पण शांतता असते.

१९६६ पासून दोन्ही मिरवणुका एकत्र काढत, २०१४ पासून त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. जुन्या माहितीपत्रकात एकच तारीख दिसली तर गोंधळू नका. जपानीत ‘आतो नो मात्सुरी’, म्हणजे नंतरची मात्सुरी, असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ तंतोतंत आपल्या ‘वरातीमागून घोडं’सारखा. तो याच दुसऱ्या मिरवणुकीवरून आला असं काही जण मानतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना माझा सल्ला : १६ जुलैला दुपारी पोचा आणि रात्र चढण्याआधी निघा. मिरवणुकीत रथ तुमच्यासमोरून पुढे जातो. आदल्या दिवशी तो गल्लीत उभा असतो, त्याच्या दोरांच्या गाठी हाताच्या अंतरावरून पाहता येतात आणि तो बांधणारी माणसं बाजूलाच पंख्याने वारा घेत बसलेली असतात. हा लेख त्याच दिवसासाठी आहे. लहान मूल किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर मात्र १६ नको, २३ची संध्याकाळ निवडा.

२. पिशवीत काय हवं

* निवासी असाल तर झाइर्यू कार्ड, पर्यटक असाल तर पासपोर्ट. दोन्ही जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे.
* इकोका किंवा सुइका, म्हणजे रेल्वेचं प्रीपेड कार्ड. पैसे घरूनच भरून घ्या, तिथल्या यंत्रांपुढे रांगा असतात.
* रोख रक्कम, १०० आणि ५०० येनची नाणी, १०००च्या नोटा. रथांच्या दुकानांत आणि गाड्यांवर रोखच चालेल असं धरून चला.
* दोन बाटल्या पाणी, मिठाच्या गोळ्या (शिओ-आमे), छोटा टॉवेल, हातपंखा.
* पट्टीचं प्लास्टर, छोटा रेनकोट, पॉवर बँक, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.

छत्री मी नेत नाही, गर्दीत ती उघडता येत नाही. रेनकोट मात्र हवाच, कारण पावसाळा जुलैच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. सामान कमीत कमी ठेवा, लॉकर दुपारपर्यंत भरून जातात.

मिठाच्या गोळ्यांना हसू नका. ‘आपण विदर्भातले, आपल्याला उन्हाचं काय’ असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे, तिथे हवा साचते. पारा ३५च्या पुढे आणि वर मुंबईच्या मे महिन्याचा दमटपणा, असं ते ऊन आहे. घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा घाम एकदम थांबला, तर लगेच वातानुकूलित दुकानात शिरा आणि ओएस-वन नावाचं क्षार-पाणी प्या. ते औषधांच्या दुकानात मिळतं. शुद्ध हरपते आहे असं वाटलं तर ११९ लावा. मैत्रिणीला दर अर्ध्या तासाने ‘पाणी प्यायलीस का गं?’ विचारायचं, असा आमचा नियमच आहे.

३. जायचं कसं

ओसाकाहून : हांक्यू रेल्वेच्या ओसाका-उमेदा स्टेशनावरून क्योटो मार्गाची ‘तोक्क्यू’ (मोजक्या थांब्यांची जलद) गाडी घ्या आणि कारासुमाला उतरा. पाऊण तास, सुमारे ४०० येन. तोक्क्यूला जादा पैसे पडत नाहीत. फक्त काही गाड्यांचा चौथा डबा आरक्षित असतो, त्याला वेगळे ५०० येन लागतात. घाईघाईत त्यात चढू नका.

जेआर, म्हणजे जपान रेल्वेची गाडी अर्ध्या तासात पोचवते, पण क्योटो स्टेशन रथांपासून दोन किलोमीटर लांब आहे. तिथून कारासुमा मार्गाची मेट्रो धरून शिजोला या. बस नको, रस्ते बंद असतात आणि वळवलेल्या मार्गाची पाटी पहिल्या वेळी कळत नाही.

टोकियोहून : नोझोमी शिंकानसेनने सव्वादोन तास. एका बाजूचं भाडं १४,००० येनच्या घरात. एका दिवसात होतं, माझी मैत्रीण दोनदा जाऊन आली आहे. पण परतीचं आसन आधीच आरक्षित करा आणि त्या वेळेच्या मागून दिवस आखा. टोकियोकडची शेवटची नोझोमी रात्री साडेनऊच्या सुमाराला असते, म्हणजे रथांच्या गल्लीतून साडेआठला पाय काढायचाच.

आणि पुन्हा एकदा : गिओन-शिजोला उतरू नका. उतरायचं स्टेशन हांक्यूचं कारासुमा, किंवा मेट्रोचं शिजो. ही दोन्ही एकाच चौकाखाली आहेत.

४. युकाता नेसायची असेल तर

नेसाच. युकाता म्हणजे उन्हाळ्यात नेसायचा सुती किमोनो. उत्सवात परक्या माणसाने युकाता नेसलेली लोकांना आवडते. एका दुकानातल्या आजीबाईंनी माझा ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, सैल झालेला पाहून, न विचारताच मला उभं करून तो घट्ट बांधून दिला होता.

एक नियम पाठ करा : उजवी बाजू आधी अंगाला, डावी तिच्यावर. उलटं केलं तर ते मृताला नेसवण्याची पद्धत होते. पुरुषांनाही हाच नियम.

भाड्याने घेत असाल तर आधी नोंदवा आणि परत करायची वेळ विचारा. हीच खरी मेख आहे. पुष्कळ दुकानं संध्याकाळी सहा-सातला बंद होतात, म्हणजे कंदील लागत असताना तुम्हाला युकाता परत करायला धावावं लागतं. आमचं एकदा असंच झालं, आणि उशीर झाल्याचे पैसेही भरावे लागले. दुसऱ्या दिवशी परत करण्याची सोय असलेलं दुकान शोधा, किंवा सरळ विकत घ्या. साधी सुती युकाता उन्हाळ्यात कुठेही मिळते. गेता, म्हणजे लाकडी चपला, नवीन असतील तर अंगठ्यापाशी हमखास सालटं निघतं. घरी चार दिवस घालून फिरा, किंवा साधी सँडल घाला. कुणी काही म्हणत नाही.

५. दुपार : गल्ल्या, रथ आणि घरं

दोनच्या सुमाराला पोचलात तर चार तास तुमचे. हा वेळ गाड्यांवर घालवू नका, त्या रात्रीही असतात.

कारासुमा चौकातून बाहेर पडलात की शिजो रस्त्यावर पूर्वेला नागिनाता-होको उभा असतो (होको म्हणजे उंच शेंड्याचा मोठा रथ). हा मानाचा पहिला. तो कायम सर्वांत पुढे असतो, इतर बहुतेक रथांचा क्रम २ जुलैला चिठ्ठ्या टाकून ठरतो. पुण्याच्या मानाच्या गणपतींबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल. प्रत्येक रथ एकेका पेठेचा आहे. त्याचा खर्च, बांधणी, दुरुस्ती, वादन सगळं त्या पेठेने सांभाळायचं, आणि तेही शतकानुशतकं.

तिथून शिजोवरून पश्चिमेला वळा. कांको-होको आणि त्सुकी-होको ओळीने भेटतात. मग शिन्माची गल्लीत दक्षिणेला जहाजाच्या आकाराचा फुने-होको, तिथून मुरोमाचीवर येऊन निवातोरी-होको आणि शिजो ओलांडून उत्तरेला किकुसुई-होको. हा फेरा रमत-गमत दोन तासांचा. मोठा होको शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर उंच आणि १२ टनांच्या आसपास वजनाचा असतो, आणि त्याची चाकं माणसाहून उंच. सांगाड्याला खिळा नाही. लाकडं भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आवळलेली असतात, म्हणून वळताना सांगाडा लवतो पण मोडत नाही. खाली वाकून ती दोरांची वीण नक्की पाहा. बाहेरून दिसणाऱ्या रेशमापेक्षा मला तीच जास्त सुंदर वाटते.

आता रथांच्या कापडांबद्दल, कारण इथे आपला धागा आहे. क्योटोच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी जगभरची वस्त्रं आणून रथांना चढवली. कांको-होकोकडे सोळाव्या शतकातलं बेल्जियमचं विणलेलं चित्र आहे, त्यात बायबलमधला प्रसंग आहे. त्सुकी-होकोकडे सतराव्या शतकात, मुघल काळात, भारतात विणलेला गालिचा आहे. जपानने परदेशांशी जवळपास सगळे व्यवहार तोडले होते त्या काळातही डचांच्या जहाजांतून आपला माल इथे येत होता. प्रत्येक पेठेचं एक सभाघर असतं, त्याला काइशो म्हणतात. या दिवसांत तिथे अशी वस्त्रं आणि मूर्ती मांडलेल्या असतात. शिन्माची-मुरोमाची भागातली काही जुनी घरंही दर्शनी खोल्या उघडून पिढीजात पडदे मांडतात, त्याला ब्योबू मात्सुरी म्हणतात. फोटोची मनाई असेल तिथे कॅमेरा खाली ठेवा आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका. ती माणसांची राहती घरं आहेत.

६. रथात चढणं आणि चिमाकी

काही होकोंवर चढता येतं. काइशोच्या वरच्या मजल्यावरून लाकडी पुलाने रथात जातात. तिकीट काढून किंवा चिमाकी (दारावर टांगायची पानांची जुडी) घेतल्यावर प्रवेश मिळतो, खर्च १००० येनच्या आसपास. चारच्या आत उरका, नंतर रांग वाढत जाते.

नागिनाता-होकोवर मात्र स्त्रियांना चढू देत नाहीत. मला हे खटकतं आणि मी ते लपवत नाही. आमच्याबरोबर आलेले दोघे मित्र वर गेले आणि आम्ही खाली थांबलो, तेव्हा मन खट्टू झालं होतं. आता आम्ही चौघं त्सुकी-होकोवर जातो, तिथे सगळ्यांना प्रवेश आहे. तुम्हीही रांग लावण्याआधी विचारून घ्या.

चिमाकी नावाचा एक खाद्यपदार्थही आहे, पण इथली चिमाकी खायची नाही. बांबूच्या पानांची ती जुडी दारावर टांगायची असते. सोडून पाहिली तर आत काही नसतं, दरवर्षी कुणीतरी फसतंच. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘मी सोमिन शोराईचा वंशज आहे’. गोष्ट अशी : एका वाटसरू देवाला श्रीमंत भावाने दारातून हाकललं, गरीब सोमिनने मात्र घरात घेतलं. तेव्हा देव म्हणाला, तुझ्या वंशजांना मी रोगराईपासून वाचवीन. आपल्या अतिथीच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

प्रत्येक रथाच्या चिमाकीचा गुण वेगळा सांगतात. उरादे-यामाची सुखरूप बाळंतपणासाठी, होशो-यामाची जोडी जुळण्यासाठी. लोकप्रिय रथांच्या चिमाकी लवकर संपतात, म्हणून हवी ती आधी घ्या. काही रथांपाशी युकाता नेसलेली लहान मुलं गाणं म्हणत चिमाकी आणि मेणबत्त्या विकतात. तिथे पाच मिनिटं थांबाच.

७. खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

गाड्यांवर मांस-मासळीच जास्त. शाकाहारींना चालण्यासारखं : काकिगोरी (किसलेल्या बर्फाचा गोळा), भाजलेलं मक्याचं कणीस, लोणी घातलेला उकडलेला बटाटा, साखरेच्या पाकातलं सफरचंद. रश्शात आणि सॉसमध्ये माशाचा अर्क, ‘दाशी’, बहुतेक वेळा असतोच. डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, चालतो, पण पाकिटावर ‘कात्सुओ’ (एक मासा) आहे का ते पाहा. आम्ही घरून दशम्या आणि कोरडी चटणी नेतो, दमट उन्हातही त्या दिवसभर टिकतात. मासे खात असाल तर हामो नावाचा वामेसारखा लांब मासा चाखा. या दिवसांत क्योटोत तो इतका खातात की उत्सवाला हामो मात्सुरी असंही म्हणतात. उत्सवाशी जोडलेल्या काही घरांत मात्र या महिन्यात काकडी वर्ज्य असते, कारण काकडीची चकती मंदिराच्या चिन्हासारखी दिसते.

कचरा रस्त्यावर ठेवू नका. २०१४ पासून स्वयंसेवक इथे कचरामुक्तीची मोहीम चालवतात, त्यांच्या केंद्रांवर वेगवेगळे डबे असतात.

८. संध्याकाळ, गर्दी आणि चुकामूक

सहाच्या सुमाराला कंदील लागतात. होकोच्या पुढे-मागे कंदिलांच्या उंच माळा, वर बसून वादन करणारी मंडळी, आणि त्या ‘कोन-चिकि-चिन’ नादाने भरलेली गल्ली. बासरी, ढोल आणि काशाची थाळी, एवढीच वाद्यं. ते ऐकायला एका जागी उभं राहायचं तर गर्दी वाढण्याआधीच उभं राहा.

सातनंतर अरुंद गल्ल्या एकदिशा होतात. पोलीस कर्ण्यावरून सांगत असतात, दोर लावलेले असतात. मागे वळता येत नाही. ‘मागच्या रथापाशी फोटो राहिला’ म्हणून उलटं जायचा प्रयत्न करू नका, पुढे जाऊन पूर्ण चौकोनाला वळसा घाला.

फोनचं नेटवर्क याच वेळी मंदावतं. पहिल्या वर्षी मी मैत्रिणीपासून हात सुटला म्हणून वेगळी झाले, आणि चाळीस मिनिटं तिचा एकही निरोप पोचला नाही. ती घाबरली होती, मीही. आता आम्ही कारासुमाला उतरल्याउतरल्या दोन गोष्टी ठरवतो : भेटायची जागा आणि वेळ. जागा चौकातली नको, तिथे थांबू देत नाहीत. गर्दीबाहेरचं एखादं दुकान किंवा दक्षिणेला मेट्रोचं गोजो स्टेशन ठरवा. निरोप आला नाही तर ‘दर तासाच्या ठोक्याला तिथे’, एवढं पुरतं.

स्वच्छतागृहासाठी मोठी दुकानं बंद व्हायच्या आत दाइमारू किंवा ताकाशिमायात जाऊन या.

९. परत निघताना

कारासुमा आणि शिजो स्टेशनांवर रात्री आत सोडण्यावर नियंत्रण असतं. तीन वाटा सुचवते. ओसाकाकडे जाणाऱ्यांनी पंधरा मिनिटं पश्चिमेला चालत ओमिया स्टेशन गाठावं. तिथे तोक्क्यू थांबत नाही, तेव्हा साधी गाडी धरून कात्सुराला बदला. बसूनच जायचं असेल तर पूर्वेला क्योटो-कावारामाचीला जा, गाडी तिथूनच सुटते. शिंकानसेन धरणाऱ्यांनी गोजोहून मेट्रो घ्यावी किंवा सरळ क्योटो स्टेशनपर्यंत चालावं, अर्धा तास लागतो. कारासुमाच्या जिन्यावर रांगेत अडकण्यापेक्षा हे खात्रीचं.

१७च्या सकाळीही जायचं मनात असेल, तर कावारामाची-ओइके चौकात साडेसातपर्यंत जागा धरा. तिथे चाकांखाली ओल्या बांबूच्या पट्ट्या अंथरून अख्खा रथ नव्वद अंशांत वळवतात. मिरवणूक संपली की रथ त्याच दिवशी उतरवायला घेतात, गोळा केलेली पीडा पुन्हा पसरू नये म्हणून. दुपारनंतर पोचलात तर दोर सुटलेले दिसतील. त्या संध्याकाळी यासाका मंदिरातून मिकोशी, म्हणजे देवाच्या पालख्या, खांद्यावर निघतात. रथ रस्ता शुद्ध करून गेल्यावर देव बाहेर पडतो. उत्सवाचा खरा गाभा तो आहे, आणि तिथे पर्यटक कमी असतात.

घरी आल्यावर चिमाकी दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला टांगा. ती वर्षभर ठेवतात आणि पुढच्या वर्षी यासाका मंदिरात परत देतात. आमची दोघींचीही आपापल्या दारावर आहे, आणि जुलैची पिशवी भरताना सगळ्यांत आधी तीच काढून ठेवायची असते.